सत्तरीत घर कुठे बांधावे: काजूचा उतार, सडा की वाडा?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात जागा बघायला येणारी माणसे बहुधा पावसाळ्यात नाहीतर दिवाळीच्या आसपास येतात. डोंगर हिरवेगार, ओहोळ भरलेले, चोर्ला घाटात धुके. तिथल्या तिथे विसार दिला जातो. माझे सांगणे आहे, की विसार देण्याआधी तीच जागा मार्चच्या अखेरीस, दुपारी दोनच्या सुमारास एकदा बघून घ्या. गवत करकरीत वाळलेले असते, पायाखाली पाचोळा वाजतो आणि समोरच्या डोंगरावर कुठेतरी धूर दिसतो.

वाळपईच्या पुढे, म्हादई अभयारण्याच्या बाजूला घर बांधू पाहणाऱ्याला साधारण तीन तऱ्हेच्या जागा दाखवल्या जातात: काजूच्या उतारावरची, सड्यावरची म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरची, आणि जुन्या वाड्यातली म्हणजे गावच्या वस्तीतली, कुळागराला (पाटाच्या पाण्यावरच्या माड-पोफळीच्या बागेला) लागून. दलाल दर, रस्ता आणि देखावा सांगतात. इथे मी त्यांची तुलना वणव्याच्या अंगाने करतो आहे, कारण मार्च 2023 नंतर हा मुद्दा बाजूला ठेवून घर बांधणे मला धोक्याचे वाटते. त्या वर्षीचा फेब्रुवारी 1901 पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात साट्रेच्या डोंगरात आग लागली आणि पुढच्या काही दिवसांत राज्यातल्या इतर रानांतही ठिकठिकाणी वणवे पेटले. ऐन शिगम्याचे, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या सणाचे दिवस होते. डोंगराच्या अंगावर बंब जाऊ शकत नाही. तिथे माणसेच हिरव्या फांद्या घेऊन चढतात. शेवटी नौदलाच्या आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी वरून पाणी टाकले.

टीव्हीवर दिसणारा ऑस्ट्रेलियातला वणवा आणि आपल्याकडचा वणवा एक नव्हे. तिकडे निलगिरीच्या पानांत तेल असते, आग शेंड्यांवरून धावते. आपल्या पानझडी रानात ती बहुतेक वेळा जमिनीलगत, पाचोळ्यातून आणि गवतातून सरकते; ज्वाळा गुडघ्याएवढ्या, फार तर कमरेएवढ्या. म्हणून इथे घरापेक्षा काजू, वैरण आणि पाण्याचे पाइप जास्त जळतात. पण तेवढ्यावरून ‘आपल्याकडे घरे जळत नाहीत’ असे धरून चालू नये. आग दूर असली तरी वाऱ्यावरचे निखारे घरापर्यंत पोचतात. मंगलोरी कौलांच्या फटीत, पन्हळीत साठलेल्या पाचोळ्यात, पडवीतल्या लाकडांच्या राशीत एक निखारा पडला आणि घरात कुणी नसले, तर पुढचे सांगायला नको. ऑस्ट्रेलियातही बहुतेक घरे ज्वाळांनी नव्हे, अशा निखाऱ्यांनीच पेटतात.

काजूचा उतार सर्वांत मोहात पाडतो. दर परवडतो, खाली दरी दिसते, शिवाय वर्षाला थोडे काजू आणि बोंडे. पण आग चढणीला वेग घेते: उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवतात. त्यामुळे उताराच्या माथ्यावरचे घर आणि पायथ्याचे घर यांत मोठा फरक पडतो. देखावा माथ्यावर, धोकाही माथ्यावर. उतार घ्यायचाच असेल तर खालच्या भागातला घ्या.

दुसरी अडचण शेजाऱ्यांची. काजूच्या हंगामाआधी बोंडू वेचायला जमीन मोकळी हवी असते, आणि ती मोकळी करण्याचा स्वस्त उपाय म्हणजे खालचे गवत पेटवणे. बरीच आग अशीच हाताबाहेर जाते. यात त्या बागायतदाराला खलनायक ठरवू नका. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, आणि वाऱ्याने दिशा बदलली तर त्याचाच मोहोर आधी करपतो. जागा घेण्यापूर्वी वरच्या-खालच्या दोन्ही बागायतींच्या मालकांना भेटा, ते रान कसे साफ करतात ते विचारा. गवत कापणाऱ्या मशीनचे भाडे तिघांत वाटून घेता आले, तर तुमच्या घराच्या विम्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडेल. आणि हद्दीला लागून अकेशियाची जुनी लागवड असेल, तर ती जागा मी कुणालाच सुचवणार नाही. त्या झाडाखाली न कुजलेल्या पाचोळ्याचा जाड थर साठतो आणि पेटला की लवकर विझत नाही.

पाण्याचेही बघा. डोंगरातल्या झऱ्यावरून काळ्या प्लॅस्टिकच्या पाइपने पाणी आणलेले असते. वणव्यात तो पाइप सर्वांत आधी वितळतो, म्हणजे पाणी हवे त्याच वेळी नळ कोरडा. पाइप जमिनीत पुरलेला आणि घरालगत भरलेली सिमेंटची टाकी, एवढे तरी हवेच. रस्ता एकच असेल तर उतारावरच्या घराचा हिशेब आणखी बिघडतो. त्याबद्दल पुढे लिहितो.

सड्याबद्दल थोडक्यात. जांभा दगड, पातळ माती, पावसाळ्यानंतर सगळीकडे वाळलेले गवत. आग लागली तर वेगाने येते, पण गवत काही मिनिटांत जळून संपते आणि काळी, थंड जमीन मागे उरते. घराभोवती उघडा कातळ असेल तर तीच तयार जाळरेषा, म्हणजे आग अडवणारी मोकळी पट्टी. मात्र घर सड्याच्या कडेवर बांधू नका, कारण खालच्या दरीतली आग तिथेच वर येते. कडेपासून आत सरकलात तर ज्वाळांच्या दृष्टीने ही बरी जागा आहे आणि वारा असल्याने धूर रेंगाळत नाही. उणीव पाण्याची आणि माणसांची. उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून राहावे लागते आणि आजूबाजूचे बंगले शनिवार-रविवारीच उघडतात. मंगळवारी दुपारी धूर दिसला तर कुणाला हाक मारणार?

वाड्याची गोष्ट वेगळी. घराला घर लागून, मागे कुळागर: माड, पोफळी, केळी, पाटाचे पाणी. ओल्या जमिनीतून आग सहसा पुढे सरकत नाही, म्हणून कुळागर हा वाड्याचा सर्वांत भक्कम कुंपणासारखा भाग आहे, पण तो शिंपलेला असेल तरच. मालक मुंबईला आणि पोफळी सुकलेल्या, अशा पडीक कुळागरात झावळ्यांचा खच पडलेला असतो आणि तो उताराइतकाच धोकादायक. इथे जागा बघताना घराआधी पाट बघा, त्यात एप्रिलला पाणी असते का ते विचारा.

वाड्याला दोन दोष आहेत. वाडा खोलगट भागात असतो, आणि पहाटे थंड हवा खाली बसते तेव्हा डोंगरावरचा धूरही तिच्यासोबत खाली बसतो. आग दोन डोंगर पलीकडे असली तरी सकाळी घरात खोकला सुरू होतो. दम्याच्या माणसाला हे दिवस फार जड जातात. साध्या रुमालाने काही होत नाही, एन-95 मास्क आणि दारे-खिडक्या बंद करून ठेवलेली एक खोली लागते. दुसरा दोष पावसाळ्यातला. जुलै 2021 च्या पुरात सत्तरीत नदीकाठच्या अनेक घरांचे नुकसान झाले. म्हणून वाड्यातही नदीला चिकटलेले घर नको.

आता आग दिसल्यावर लोक काय करतात ते पाहू, कारण जागेची निवड बरीचशी त्यावर ठरते. ऑस्ट्रेलियात कित्येक वर्षे लोकांना सांगितले जात असे की तयारी करा, मग एकतर थांबून घर वाचवा किंवा लवकर निघा. 7 फेब्रुवारी 2009 रोजी व्हिक्टोरिया राज्यात 173 माणसे गेली. अनेकांनी दोन्हीपैकी काहीच ठरवलेले नव्हते. ‘थोडे बघू’ म्हणत ती थांबली आणि उशिरा निघाली. त्यानंतर तिथे सल्लाच बदलला, की अत्यंत वाईट इशाऱ्याच्या दिवशी थांबण्याचा विचारच करायचा नाही. पोर्तुगालमध्ये जून 2017 मध्ये पेद्रोगाव ग्रांदे भागात 66 बळी गेले, त्यांतले बरेच रस्त्यावर, पळणाऱ्या गाड्यांत. पुढच्या वर्षीपासून तिथे खेड्याखेड्यांत एक जबाबदार माणूस आणि एकत्र जमण्याची एक सुरक्षित जागा ठरवण्याचा कार्यक्रम सुरू झाला.

आपली आग त्यांच्याएवढी भयंकर नाही, पण ‘थोडे बघू’ ही सवय आपल्याकडेही आहे. उतारावरच्या एकाच रस्त्याच्या घरात ती सर्वांत महागात पडेल. तिथे धूर खालच्या बाजूने येताना दिसला की लगेच निघायचे, रात्रीची वाट बघायची नाही. सड्यावरून निघणे सोपे. उशीर झालाच तर उघड्या कातळावर थांबता येते. वाड्यात मात्र तिसरा मार्ग खुला असतो: म्हातारी माणसे, मुले आणि दमेकरी उजेड असतानाच वाळपईला नातेवाइकांकडे, आणि धडधाकट माणसे मागे, कौलांवर आणि गोठ्याभोवती निखारे विझवायला. जमायला जागा शोधावी लागत नाही. देवळासमोर शिगम्यासाठी झाडून स्वच्छ केलेली मोकळी जमीन ऐन वणव्याच्या दिवसांत तयार असते.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून टिपलेल्या आगीची सूचना मोबाइलवर पाठवते. नोंदणी जरूर करा. पण उपग्रह दिवसातून मोजक्या वेळाच वरून जातो, त्यामुळे डोंगरातल्या मांगरात (बागायतीतल्या खोपीत) राहणाऱ्या काजूवाल्याचा फोन त्याच्या आधी येईल. त्याचा नंबर, वनखात्याच्या स्थानिक कार्यालयाचा नंबर आणि 101 हे तीन घरातल्या प्रत्येकाकडे हवेत. जाळरेषा फक्त आपल्या हद्दीत काढा. रानाच्या जमिनीत हात घालायचा तर वनखात्याला विचारूनच. एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या मालकीची नोंद) आणि सनद (शेतजमिनीवर घर बांधायची परवानगी) तपासायला वकील लागेल, त्यात काटकसर नको.

माझा कौल वाड्याला आहे, कुळागर जिवंत आणि नदी थोडी लांब असेल तर. घरात दम्याचा रुग्ण असेल तर कडेपासून आत असलेला सडा घ्या, पाण्याची मोठी टाकी बांधून, आणि वर्षभर राहणारे निदान दोन शेजारी आहेत याची खात्री करून. उतार मी फक्त त्यालाच सुचवीन, ज्याची काजूची बागायत तिथे आधीपासून आहे आणि जो हंगामात रोज तिथे जातो. आईवडिलांना ठेवायला तिथे घर नको. वाड्यात जागा घेतलीत तर जानेवारीत शेजारी वाड्याभोवतीचे गवत कापायला निघतील, तेव्हा मजूर पाठवून मोकळे होऊ नका. स्वतः कोयता घेऊन जा, म्हणजे मार्चमध्ये कुणाच्या घरात कोण आजारी आहे आणि कुणाचा पाट कुठे फुटतो ते तुम्हालाही ठाऊक असेल.