जळगाव-धुळ्यातल्या झेरॉक्स नोट्स : अमेरिकन यादवीचं प्रकरण

मुख्य परीक्षेसाठी जगाच्या इतिहासाचा हा स्पायरल संच अभ्यासिकांच्या आसपासच्या झेरॉक्सवाल्यांकडे मिळतो. यादवीपुरतं बोलायचं तर सुरुवात झकास आहे. बहुतेक नोट्स लिंकनपासून सुरू होतात. हा संच १७८७ च्या फिलाडेल्फियापासून, म्हणजे अमेरिकेची राज्यघटना लिहिणाऱ्या परिषदेपासून. गुलामांची तीनपंचमांश मोजणी (पाच गुलाम म्हणजे तीन माणसं) प्रतिनिधीगृहातल्या जागा आणि प्रत्यक्ष कर, दोन्हींसाठी होती. गुलामांच्या आयातीवर काँग्रेसला (अमेरिकी संसदेला) १८०८ पर्यंत बंदी घालता येणार नव्हती, हे नेमकं दिलंय. राज्यांमधली खरी फूट लहान-मोठ्यांची नाही, गुलाम असलेल्या आणि नसलेल्यांची आहे, हे घटनेच्या शिल्पकारांपैकी मॅडिसनने तिथेच बोलून दाखवलं होतं. तेही सुटलेलं नाही.

घसरण होते जिनवर, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रावर. ‘व्हिटनीच्या यंत्रामुळे (१७९३) मजूर कमी लागू लागले’ एवढंच लिहून विषय संपवलाय. साफ उलटं. यंत्राने वाचली ती सरकी काढायची मेहनत. वेचणी हातानेच राहिली, आणि आखूड धाग्याचा कापूस परवडायला लागल्यावर पेरा वाढतच गेला. १७९० मध्ये गुलाम सुमारे ७ लाख, १८६० मध्ये जवळपास ४० लाख. खानदेशातल्या पोरांना हे वेगळं समजवावं लागू नये. जिनिंग डोळ्यांसमोर आहेत, आणि वेचणीला मजूर मिळत नाहीत ही ओरड दर हंगामात असतेच.

मिसुरी तडजोडीचं (१८२०) पान मात्र दुरुस्त केल्याशिवाय वाचू नका. नकाशात मिसुरी राज्य ३६°३०′ अक्षांश रेषेच्या खाली दाखवलंय. ते जवळजवळ सगळं रेषेच्या वर आहे! तरी तिथे गुलामगिरी चालू दिली, बदल्यात मेन हे मुक्त (गुलामगिरी नसलेलं) राज्य म्हणून आलं आणि लुइझियाना खरेदीच्या (फ्रान्सकडून विकत घेतलेल्या) उरलेल्या मुलखात रेषेच्या उत्तरेला बंदी आली. ज्यावरून हे पेटलं ती प्रतिनिधी टॅलमॅजची मिसुरीच्या विधेयकावरची १८१९ ची दुरुस्ती (नवे गुलाम आणायचे नाहीत, पुढे जन्मणारी मुलं २५ व्या वर्षी मुक्त) प्रतिनिधीगृहात पास झाली, सिनेटमध्ये पडली. संचात तिचा पत्ताच नाही.

माजी राष्ट्राध्यक्ष जेफरसनने १८२० च्या पत्रात या वादाला रात्री वाजलेल्या आगीच्या घंटेची उपमा दिली होती. इथे ती गुलामगिरीविरोधाचा पुरावा म्हणून छापलीय. त्याला धास्ती होती देशाच्या मधोमध पडणाऱ्या रेषेची. मिसुरीवर बंदी लादायला तर त्याचा विरोधच होता. उत्तरात हे उलटं गेलं की गुण गेले.

झेरॉक्सची झेरॉक्स असल्याने नकाशात मुक्त आणि गुलाम राज्यं सारखीच काळी दिसतात. आधी ते पान उघडून बघा, मगच पैसे द्या.