सीएसआरचा अर्ज, परक्या गावाचा डीपीआर आणि 'लोकवर्गणी'

तुमची ग्रामपंचायत नळपाणी योजनेच्या दुरुस्तीसाठी एखाद्या कंपनीच्या सीएसआर (म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या) निधीकडे अर्ज करायच्या विचारात असेल आणि "अर्ज आम्ही बनवून देतो, मंजुरीही आमच्याकडे लागली" असं सांगणारं कुणी येऊन गेलं असेल, तर हे जरूर वाचा. आमच्या पाणीपुरवठा समितीला असाच एक सल्लागार भेटला. नाव लिहीत नाही, कारण तक्रार दिलेली आहे. शिवाय अशी माणसं दर तालुक्यात नवं नाव घेऊन फिरतात.

योजना जुनी आहे. विहिरीवरची मोटर, गावठाणातली टाकी, ठिकठिकाणी फुटलेली लाइन. वरच्या आळीला पाणी पोचेपर्यंत टाकी रिकामी. केंद्राच्या जलजीवन मिशनच्या (घरोघरी नळ देणाऱ्या योजनेच्या) नोंदीत नळजोडण्या पूर्ण, म्हणजे माणशी रोज 55 लिटर कागदावर मिळतच होते. पंधराव्या वित्त आयोगातला पाण्यासाठीचा बंधित (ठरलेल्या कामावरच खर्चायचा) निधी मोटर आणि व्हॉल्व्हमध्येच संपायचा. राहता राहिला सीएसआर. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. त्या कामांच्या यादीत पिण्याचं सुरक्षित पाणी आहे. सल्लागाराने हेच सांगितलं आणि ते खरंच होतं. त्याच्या बोलण्यातलं बरंचसं खरं असायचं, म्हणूनच त्याचा धंदा चालतो.

खरी हुशारी पैसे मागण्यात होती. त्याने फी हा शब्दच काढला नाही. "लोकवर्गणी भरावी लागेल," म्हणाला. सरकारी पाणी योजनांत लोकवर्गणी, म्हणजे खर्चातला गावाचा वाटा, गावाला पाठ आहे. जलजीवनमध्ये गावांतर्गत कामाच्या खर्चाच्या 10 टक्के, डोंगराळ भागात किंवा अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या निम्म्याहून जास्त असलेल्या गावांत 5 टक्के, हे ग्रामसभेत कैक वेळा ऐकलेलं. त्यामुळे कुणी हूं की चूं केलं नाही, घरोघर वर्गणी गोळा झाली. पण खरी लोकवर्गणी समितीच्या नावावरच्या बँक खात्यात जमा होते. ही त्याच्या एका बचत खात्यात गेली, मोबाइलवरून, तुकड्यातुकड्यांनी. ग्रामनिधीतून पैसे काढायचे तर सरपंच आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) दोघांच्या सह्या लागतात, लेखापरीक्षण होतं. घरोघरच्या वर्गणीला ते काहीच नाही, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पुढे नोंदणी शुल्क, डीपीआरचा (सविस्तर प्रकल्प अहवालाचा) खर्च, मग "मंजुरीपूर्व अनामत". अनामतीसोबत अशोकस्तंभ छापलेलं पत्र आलं, तेही फुकटातल्या ईमेल पत्त्यावरून. आता एक सांगा, कंपनी स्वतःचे पैसे वाटते आहे, तिच्या पत्रावर राजमुद्रा कशाला येईल? आपल्या संस्थेचा म्हणून एक सीएसआर नोंदणी क्रमांकही त्याने दाखवला. कंपनीच्या वतीने काम करणाऱ्या संस्थेला 1 एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 फॉर्म भरून असा क्रमांक घ्यावा लागतो. क्रमांक खरा निघाला, फक्त तो मिळत्याजुळत्या नावाच्या भलत्याच न्यासाचा होता. आणि क्रमांक अस्सल असता तरी त्याचा अर्थ एवढाच की संस्था नोंदलेली आहे. गावाला पैसे मंजूर झाले असा नाही.

पैशांपेक्षा मोठं नुकसान फाइलने केलं. अर्ज त्याने खरोखरच दाखल केला होता. निकाल येईना म्हणून आमच्यातल्या एकीने कंपनीच्या सीएसआर विभागाला थेट फोन लावला. तिथल्या बाईंनी सांगितलं, तुमचा अर्ज पहिल्याच छाननीत बाद झालाय, कारण दुसऱ्या तालुक्यातल्या एका गावाच्या अर्जातलं अंदाजपत्रक आणि तुमचं रुपया-पैशासकट एकच आहे. प्रत मागवली. पान उघडलं तर उद्भव (पाण्याचा स्रोत) म्हणून नदीपात्रातली जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी उपसायची विहीर! आमच्या शिवारात नदी नाही, एक ओढा आहे आणि तो होळीलाच आटतो. 2011 च्या जनगणनेचा आकडा आमचा नाही, त्यावरून काढलेली 2041 ची लोकसंख्याही अर्थातच नाही. एका नकाशाच्या कोपऱ्यात तर दुसऱ्याच गावाचं नाव तसंच राहून गेलेलं. आणि प्रत्येक पानावर आमचा गोल शिक्का आणि सही. कामाला लागतील म्हणून त्याने शिक्के मारलेली कोरी लेटरहेड नेली होती, त्यांचा हा उपयोग.

आता मागे वळून पाहिलं की खूण स्पष्ट दिसते. तो एकदाही विहिरीवर गेला नाही. मोटरचं वीजबिल मागितलं नाही, पाणीपट्टी वसुलीची वही उघडली नाही. चांगला निधी देणारा आधी हेच विचारतो: उन्हाळ्यात उद्भवाला पाणी किती, भूजल सर्वेक्षणवाल्यांचा दाखला आहे का, पाण्याचा तपासणी अहवाल कुठे आहे, आणि पाइप बदलल्यावर वीजबिल कोण भरणार. पन्नास गावं एकाच निधीच्या रांगेत असतात, निवड या उत्तरांवर होते. ही उत्तरं गावातच मिळतात. टाकी भरायची, सगळे व्हॉल्व्ह बंद करायचे आणि सकाळी पातळी मोजायची. टाकी गळते का ते एका रात्रीत कळतं. मग टाकीवरून किती पाणी सुटलं आणि शेवटच्या नळाला किती पोचलं ते मापायचं. असली दोन पानं त्या चकचकीत बाइंडिंगच्या डीपीआरमध्ये असती तर छाननीत निदान कुणी थांबून वाचलं असतं.

कंपनीची सीएसआर समिती, धोरण आणि मंजूर प्रकल्प तिच्या संकेतस्थळावर द्यावे लागतात. तिथला फोन नंबर घ्या, सल्लागाराने दिलेला नको. त्या बाईंनी आम्हाला साफ सांगितलं की अर्जदाराकडून आम्ही एक रुपयाही घेत नाही.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवा, खात्यात रक्कम शिल्लक असली तर ती गोठवता येते. आमची तोवर काढून झाली होती. पोलिसांत अर्ज आहे, तपास चालू आहे. उरलेली कोरी लेटरहेड त्याच्याकडेच आहेत, म्हणून पंचायत समितीला आणि त्या कंपनीला लेखी कळवलंय की जावक क्रमांक नसलेलं आमच्या शिक्क्याचं कोणतंही पत्र ग्राह्य धरू नये.