प्रशिक्षक बदलावा की ठेवावा: लेकर्स आणि मायामी हीट
पाचपैकी चार सामने गमावताच अमेरिकेतील एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या लॉस एंजेलिस लेकर्स संघाने नोव्हेंबर २०१२ मध्ये प्रशिक्षक माइक ब्राउन यांना काढून माइक डॅन्टोनी यांना आणले. पण संघात नव्याने आलेल्या स्टीव्ह नॅशचा दुखावलेला पाय आणि ड्वाइट हॉवर्डची शस्त्रक्रिया झालेली पाठ काही प्रशिक्षक बदलल्याने बरी होणार नव्हती, आणि संघ पहिल्याच बाद फेरीच्या मालिकेत चारही सामने हरून गारद झाला.

नवे खेळाडू एकमेकांना सरावत असताना संयम बरा, असे मला याच लीगमधल्या मायामी हीट संघाकडे पाहून वाटते. २०१० मध्ये ९ विजय, ८ पराभव अशा रखडत्या सुरुवातीत, डॅलसला बाकाकडे परतताना संघात नव्याने आलेल्या लेब्रॉन जेम्सचा खांदा प्रशिक्षक एरिक स्पोलस्ट्रा यांना लागला (यावर नको तितका खल झाला), तरी संघाचे अध्यक्ष पॅट रायली यांनी स्पोलस्ट्रांना हलवले नाही. संघाने पुढचे सलग १२ सामने जिंकले आणि २०१२ व २०१३ ची विजेतेपदेही स्पोलस्ट्रांच्याच हाताखाली मिळवली.