पाटी नसलेल्या दुकानातले पाटे

रत्नागिरीत मिरजोळे एमआयडीसीच्या बाजूला हे दुकान आहे. पाटी नाही. बाहेर ट्रकचे तुटके पाटे, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, रचून ठेवलेत, तीच पाटी. मार्चमध्ये आबांच्या जीपचे पुढचे पाटे आणि स्टिअरिंगचं काम मी इथे करून घेतलं. त्यानंतर आंब्याचा एक अख्खा हंगाम गाडी चालली, म्हणून आता लिहितेय.

गाडी महिंद्राची सीजे-३बी, उंच बॉनेटवाली. मूळच्या हरिकेन पेट्रोल इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह (हवा-पेट्रोल आत घेणारे) वर हेडमध्ये होते, इंजिन उंच झालं म्हणून बॉनेटही उंच. आबांनी ते काढून डिझेल इंजिन बसवलं, आरसी बुकावर नोंदही करून घेतली, पण पुढचे पाटे पेट्रोल इंजिनाच्या वजनाचेच राहिले. ते बसत बसत पार सपाट झाले. खड्ड्यात अॅक्सल (दोन चाकांमधला आडवा दांडा) आपटला की आबा म्हणायचे, "जीप आहे ती, पालखी नव्हे."

आबांच्या माघारी गाडी माझ्याकडे आली. पेट्या वाहायला माझ्याकडे टेम्पो आहे. मला या जीपने पावसहून हातखंबा, तिथून हायवेने संगमेश्वरला बहिणीकडे साठच्या वेगात निवांत जायचं होतं. म्हणून दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरातल्या एका दुकानातून 'हेवी ड्यूटी' जोडी आणली. तिथे आधी मला "साहेबांना पाठवा" म्हणाले. साहेब नाहीत म्हटल्यावर ८ मिलिमीटर जाडीचे पाटे गळ्यात मारले आणि गाडी रुबाबदार दिसावी म्हणून शॅकलही (पाट्याचं टोक चासीला टांगणाऱ्या कड्या) लांब लावले. बॉनेट चार बोटं वर आलं. फोटो झकास आले. चालवताना मात्र बैलगाडी बरी असं वाटायचं. त्यात स्टिअरिंग वळवलं की आपण होऊन सरळ येईना. हायवेला मागून ट्रेलर हॉर्न देतोय आणि मी चाक धरून डावी-उजवी करतेय, अशी दोन वर्षं काढली.

पाटेवाल्या मिस्त्रींनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "ताई, वजन किती?"

मी चमकले. गाडीचं विचारत होते. ते मला कुठे माहीत! मग त्यांनी मला वजनकाट्यावर पिटाळलं: आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. पुढे ६४० किलो, मागे ५१०. त्यातून पुढचा अॅक्सल आणि चाकं धरून दीडशे किलो वजा, कारण तो भार पाट्यांवर नसतोच. उरले ४९०, म्हणजे एका बाजूला २४५. या आकड्यावरून पाटे ठरले, बॉनेट किती उंच दिसतं यावरून नाही. एवढ्यासाठीच या दुकानाला माझे पाचपैकी चार तारे.

जाडीचा मुद्दा नीट सांगायला हवा, कारण पैसे तिथेच बुडतात. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. ६ मिलिमीटरचा पाटा ८ चा केला की तो जवळजवळ २.४ पट कडक होतो. पाट्यांची संख्या मात्र सरळ हिशोबाने चालते. म्हणून वजन थोडं वाढलं असेल तर तेवढ्याच जाडीचा एखादा पाटा वाढवायचा, सगळेच जाड करायचे नाहीत. मी बीएस्सी फिजिक्स, हे गणित मला कागदावर येतं. मिस्त्री पाटा उचलून वाकवून बघतात आणि त्याच उत्तरावर येतात. राग येतो थोडा.

पाटे भट्टीत तापवून कमान दिली, तेलात बुडवून पुन्हा बेताने तापवले. नुसत्या हातोड्याने थंड कमान काढून देणारेही भेटतात, स्वस्तात. ते पाटे लवकर बसतात. दोन पाट्यांच्या मध्ये ग्रॅफाइट ग्रीस भरून घेतलं. आमच्याकडे खारा वारा, पाटे एकमेकांना गंजून चिकटले की त्यांचा जाड ओंडकाच होतो.

लांब शॅकल काढून मूळ मापाचे लावले. या जीपला शॅकल पुढच्या टोकाला असतात. ते लांब केले की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, अॅक्सलचा माथा पुढे कलतो आणि कॅस्टर, म्हणजे चाकाला आपोआप सरळ आणणारा मागचा कल, कमी होतो. चाक सरळ न येण्याचं मूळ ते. तेवढ्यावर सगळं सुटलं नाही, कारण स्टिअरिंगमध्येच प्ले (झिजेमुळे आलेला ढिलेपणा) होता. या गाडीत स्टिअरिंगकडून येणारा दांडा, ड्रॅग लिंक, मधल्या बेल क्रँक नावाच्या फिरत्या तरफेला जातो आणि तिथून टाय रॉड नावाचे दोन दांडे दोन चाकांना. बेल क्रँक चासीवर, चाकं अॅक्सलवर. म्हणून गाडी उंच केली की टाय रॉड तिरके होतात आणि खड्ड्यागणिक चाकं आपल्या मनाने वळतात. बेल क्रँकची पिन आणि बुश (पिनेभोवतीची नळी), टाय रॉडच्या टोकांचे चारही सांधे नवे घातले. किंग पिनच्या, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खिळीच्या, कॅपखालच्या पातळ चकत्या (शिम) बदलून मिस्त्रींनी नकल (चाकाला धरून वळणारा भाग) किती जड फिरतो ते चक्क मासळी तोलायच्या स्प्रिंगकाट्याने ओढून पाहिलं. हसू नका, मॅन्युअलमध्येही ताणकाट्याने ओढूनच बघायला सांगितलंय.

मला पॉवर स्टिअरिंगही हवं होतं. "आधी प्ले काढू, मग मागा," म्हणाले. काढल्यावर मागावंसं वाटलं नाही.

आता तक्रारी. चार दिवस सांगितले, अकरा लागले. बिल मागितलं तर पेटीवर चिकटवायच्या लेबलच्या मागे लिहून मिळालं: पाट्यांची जोडी बुशसकट ६,२००, स्टिअरिंगचं सामान आणि मजुरी वेगळी. टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचा किंचित आत कल, त्यांनी सुतळी आणि टेपने लावला. चुकला नव्हता, तरी मी अलाइनमेंट दुसरीकडे तपासून घेतली. बसायला खुर्ची एकच आणि तिच्यावर कायम मांजर.

गाडी आता भाट्याचा पूल ओलांडून सड्यावर चढते तेव्हा एका हातात राहते. जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावर दणके बसतात, पण कमरेला पट्टा लावावा लागत नाही. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळा, एवढं कुठल्याही मिस्त्रीला सांगा. हवेत लटकवून आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि फाटतं.

पाचशे किलोमीटरला यू-बोल्ट (पाटे अॅक्सलला बांधणारे) पुन्हा आवळायला बोलावलं होतं. गेले. प्रत्येक नट पाव फेरा फिरला. पैसे विचारले तर म्हणाले, "पैसे नकोत. रायवळ असतील तर आणा, हापूस सगळेच देतात."