मारुती ८०० च्या सीट नव्याने करून नऊ महिने झाले, एक अख्खा पावसाळा काढला, त्याचा अनुभव

गाडी बाबांची, १९९८ ची मारुती ८००. आमचं घर देवगडजवळ जामसंड्याला आणि मी शाळेत शिकवायला रोज शिरगावला जाते, त्यामुळे आता गाडी जास्त मीच चालवते. २०२३ ला रिपासिंग झालं, पुढची पाच वर्षं मिळाली, इंजिनला काही प्रॉब्लेम नाही, पण सीटची अवस्था अशी होती की तळेबाजारपर्यंत पोचले की कंबर धरायची आणि पावसाळ्यात दार उघडलं की ओल्या गोणपाटाचा वास यायचा. आईला त्या वासानेच गाडी लागायची, नांदगाव तिठा येईपर्यंत दोनदा थांबायला लागायचं. मागच्या सीटवर तर बाबांनी पंचवीस वर्षं आंब्याच्या पेट्या वाहिल्यात, लाकडी पेटीचा खिळा कुठेतरी वर आलेला असतोच, त्याने कापड ठिकठिकाणी फाटलेलं.

आधी मी जी चूक केली ती सांगते कारण बहुतेक सगळे तीच करतात. २०२३ च्या दिवाळीनंतर एका दुकानात गेले, तो म्हणाला मॅडम काही खोलायची गरज नाही, वरून छान रेक्झिन कव्हर चढवून देतो, साडेचार हजार, दोन तासात गाडी घेऊन जा. घेतलं. दिसायला खरंच झकास, शाळेतल्या बायकांनी कौतुक पण केलं. आणि २०२४ च्या जुलैमध्ये पाठीच्या भागावर हिरवट-पांढरी बुरशी आली, पुसली की चार दिवसात परत, आणि वास आधीपेक्षा दुप्पट. कारण सरळ आहे, आतला फोम आधीच ओला, त्यावर रेक्झिन म्हणजे प्लॅस्टिकच, ओल बाहेर जायला वाटच नाही. त्या पावसाळ्यात मी कापूर ठेवला, अगरबत्ती लावली, परफ्यूमची बाटली लावली, काय काय केलं. कापराने वास झाकला जातो, ओल तिथेच राहते.

मग २०२५ च्या मे महिन्यात एका सहकारी मॅडमनी कुडाळच्या मेस्त्रींचं नाव सांगितलं. ते आधी रिक्षा-टेम्पोचे हूड आणि सीट करायचे, आता गाड्यांचं पण करतात. मी गेले ते कापडाचे नमुने बघायच्या तयारीत, आणि त्यांनी नमुन्यांचं पुस्तक उघडलंच नाही. सीटखाली हात घातला, बोटं बाहेर काढली, बोटांना गंजाची तांबडी पूड, आणि म्हणाले, "बाय, आधी हाडां बघूया, मगे चामडा." हे एक वाक्य मला साडेचार हजार घालवायच्या आधी कोणीतरी सांगायला हवं होतं.

सीट खोलताना मी तिथेच बसून होते. पुढच्या सीट रेलवर बोल्टने बसवलेल्या, त्यातले दोन बोल्ट गंजून इतके धरलेले की आदल्या संध्याकाळी तेल मारून ठेवले तेव्हा सकाळी निघाले. मग एकेक थर. वर माझं रेक्झिन, त्याखाली बाबांनी कधीतरी शिवून घेतलेलं मरून कव्हर, त्याखाली कंपनीचं करडं कापड, आणि त्या कापडावर, विश्वास बसणार नाही, शोरूममधून आलेलं पॉलिथिन! अर्धं फाटलेलं, पिवळं पडलेलं, पण होतं. नवीन गाडीचं प्लॅस्टिक काढायचं नाही, सीट चांगली राहते, असं आपल्याकडे सगळेच मानतात, बाबांनीही तेच केलं. सत्तावीस वर्षं घाम आणि पावसाचं पाणी त्याच्याखाली अडकून राहिलं होतं. ड्रायव्हर सीटचा फोम हातात घेतला तर चुरमुऱ्याच्या लाडवासारखा फुटला, पिवळा भुगा नुसता. मागच्या सीटमधून पेट्यांतला पेंढा निघाला, एक पन्नास पैशाचं नाणं आणि माझ्या लहानपणीची हेअरपिन. बाबा ती पिन बराच वेळ हातात धरून उभे होते.

फ्रेमचं सांगते. बसायचा भाग आणि पाठ जिथे जोडलेली असते तिथली पाइप डाव्या सीटला एका बाजूने पापडासारखी झाली होती, स्क्रू ड्रायव्हर टोचला तर आरपार. म्हणजे जोरात ब्रेक लागला असता तर पाठ मागे-पुढे कुठेही गेली असती, आणि त्या सीटवर रोज आई बसायची. मेस्त्रींनी ओळखीच्या वेल्डरकडून तेवढा तुकडा कापून नवीन पाइप जोडून घेतली, मग सगळी फ्रेम वायर ब्रशने घासली, रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर काळा ऑइलपेंट. मला कोणीतरी सुचवलं होतं की भंगारातून दुसऱ्या ८०० च्या सीट आणून टाक, स्वस्तात होईल. पण ती गाडी पण किनाऱ्यावरचीच असणार, तिच्या आत पण हाच गंज, वरून दिसणार नाही एवढंच.

आणि डावी बाजूच जास्त का गंजली हे शोधल्याशिवाय मेस्त्री फोम कापायला तयार नव्हते. मॅटिंग उचललं तर खालचं जूटचं जाड अस्तर मे महिन्यातसुद्धा दमट लागत होतं. मग काचेवर पाइपने पाणी सोडलं आणि आत टॉर्च धरून बसलो, दहा मिनिटात पुढच्या काचेच्या रबरातून डॅशबोर्डच्या मागून एक बारीक धार खाली आली. इतकी वर्षं आम्ही समजत होतो की छत्री आणि चपलांचं पाणी. शिवाय दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला भोकं असतात ती लाल मातीने लिंपल्यासारखी बंद होती. रबर नवीन घातलं, भोकं तारेने मोकळी केली, जूट काढून टाकलं, पत्रा सुकवून रंग मारला. त्याचा खर्च वेगळा, पण हे केलं नसतं तर नवीन सीटचं पण दोन वर्षात तेच झालं असतं.

फोमबद्दल दोन गोष्टी कळल्या. डेन्सिटी म्हणतात ते म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, त्याचा मऊ-कडकपणाशी थेट संबंध नाही, टिकण्याशी आहे. पाठीला ३२ चा घातला, बसायच्या भागाला ४० चा आणि वर अर्ध्या इंचाचा मऊ थर. दुसरं म्हणजे फोमचे उरलेले तुकडे दाबून केलेला रिबॉन्डेड फोम स्वस्त पडतो, टणक असतो, पण मेस्त्री म्हणाले पाणी प्याला की सुकायला फार वेळ घेतो, आपल्याकडे नको. काथ्याला रबर मारलेल्या शीट पण असतात, हवा खेळती राहते त्याच्यात, त्यांनी मागच्या सीटला तळाला ती घातली आणि वर फोम. चिकटवायला फेविकॉलचं एसआर ९९८, कव्हर ताणून बसवायला जुन्या गंजलेल्या रिंगांऐवजी जस्ताचा मुलामा असलेल्या नवीन, खास पक्कडीने एकेक दाबत. एका सीटला केवढ्या रिंगा लागतात ते बघितल्यावर दोन तासात कव्हर चढवून देणाऱ्याने काय केलं असेल ते समजलं.

कापडावर मी सगळ्यात जास्त डोकं लावलं. मला लेदरेटच हवं होतं, मऊ, चामड्यासारखं. मेस्त्रींनी मला एक वापरलेला तुकडा दाखवला, वरचा पापुद्रा सोललेला, सापाची कात सुटावी तसा. ते पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं लेदरेट होतं. पीयूचा थर दमट आणि उष्ण हवेत पाण्याच्या वाफेनेच हळूहळू तुटत जातो, न वापरताही. आपल्याकडे कपाटात ठेवलेल्या सँडलचा सोल पावसाळ्यानंतर भुगा होऊन पडतो ना, तेच. पीव्हीसीचं रेक्झिन तसं सोलत नाही, पण उन्हाने त्यातला मऊपणा उडून जातो आणि मग कडक होऊन तडकतं, आणि मेमध्ये त्यावर बसवत नाही. खरं चामडं म्हणजे बुरशीला मेजवानी. सुती कापड घामाला छान पण ओल धरून बसतं. शेवटी असं ठरलं की बसायचा आणि पाठ टेकायचा भाग जाड पॉलिस्टर कापडाचा, कडा, सीटची मागची बाजू आणि खालचा पट्टा पीव्हीसी रेक्झिनचा. धागा पण पॉलिस्टरचाच, सुती धागा आपल्याकडे कुजतो आणि कापड चांगलं असताना शिलाई उसवते. रंग मी मुद्दाम काथ्यासारखा तपकिरी घेतला. आमच्या बाजूला जांभ्याची लाल धूळ असते, फिक्या रंगावर एका आठवड्यात डाग. एवढंच, डिझाइन वगैरे काही नाही, साधी उभी शिलाई. टाके पण फार जवळजवळ घालू नका म्हणून सांगा, रेक्झिनला सुईची भोकं जवळ पडली की पोस्टाच्या तिकिटांच्या कागदासारखं त्याच रेषेत फाटतं.

बिल असं झालं: फोम आणि काथ्या ३,४००, कापड, रेक्झिन, धागा, पायपिंग (कडेची गोट) धरून ४,२००, वेल्डिंग आणि रंग १,२००, मजुरी ६,०००. एकूण १४,८००. गाडी सहा दिवस तिकडे होती. शाळेला सुट्टी होती म्हणून जमलं.

गाडी घरी आणली आणि पहिल्याच दिवशी लक्षात आलं की मी उंच बसतेय. जुना फोम बसून बसून दबलेला होता, त्याची सवय झालेली, आता इंचभर वर आले तर क्लच दाबताना मांडीखाली सीटची पुढची कड लागायला लागली, पाय भरून यायचा. चार दिवस वाटलं सवय होईल, नाही झाली. परत कुडाळला गेले, मेस्त्रींनी एक शब्द न बोलता कव्हरची पुढची बाजू सोडवली, फोम तासला, परत बसवून दिलं, पैसे घेतले नाहीत. तुम्ही करून घेणार असाल तर कव्हर शिवायच्या आधी नुसत्या फोमवर बसून क्लच-ब्रेक दाबून बघा, ज्याने गाडी चालवायची त्यानेच.

आता पावसाळा. त्या वर्षी त्याने वाटच बघायला लावली नाही, २५ मे २०२५ ला मान्सून महाराष्ट्रात शिरला तो थेट आमच्या देवगडपर्यंत, म्हणजे काम होऊन दोन आठवडे पण झाले नव्हते. तेव्हापासून ऑक्टोबरपर्यंत गाडी रोज ओल्या रेनकोटने, ओल्या छत्र्यांनी, शाळेतल्या पोरांच्या ओल्या दप्तरांनी भरलेली. मी जुलैत रोज सकाळी आधी नाकाने सीट तपासायचे. वास नाही. बुरशी एकदाच आली, ऑगस्टमध्ये, सलग पाच दिवस गाडी बंद होती तेव्हा, तीही रेक्झिनच्या कडेवर, कापडावर नाही. पातळ व्हिनेगरने पुसली, पंखा लावून सुकवली, परत आली नाही. बुरशी खरं तर रेक्झिन खात नाही, त्यावरचा घाम, मळ, तेलकटपणा खाते, म्हणून पावसाच्या आधी एकदा सगळं साबणाच्या पाण्याने पुसून घ्यायचं. ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या मी दोन ठेवल्या होत्या, आठवड्यात निम्म्या पाण्याने भरल्या इतकी ओल हवेत. पण त्या सीटखाली ठेवू नका, कलंडली तर ते पाणी लोखंडाला फार वाईट. मी मागे फळीवर बांधून ठेवते.

गणपतीला मूर्ती आणायला मागच्या सीटवर आई मूर्ती मांडीवर घेऊन बसली, येताना एकदाही थांबायला लागलं नाही, आणि घरी आल्यावर ती स्वतःहून म्हणाली, वास गेला गो. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

नोव्हेंबरमध्ये एक घोळ झाला. बाबांनी लिलावातून बांगडे आणले, पिशवी मागच्या सीटवर, पिशवीला भोक. मी लगेच साबणाने धुतलं, सुकलं, आणि तरी तो वीतभर भाग संध्याकाळ झाली की ओलसर लागायचा. हे खाऱ्या पाण्याचं आहे, कापडात मीठ राहिलं की ते हवेतली ओल ओढत राहतं, कधीच पूर्ण सुकत नाही, आणि खाली फ्रेम. साबणाने मीठ जात नाही, साध्या पाण्यानेच जातं. स्पंजने गोडं पाणी घालून टिपायचं, परत घालायचं, परत टिपायचं, असं सात-आठ वेळा केलं तेव्हा थांबलं. आता मासे डिकीत, घमेल्यात.

जे आवडलं नाही ते पण लिहिते. ड्रायव्हर सीटची उजवी कड, जिथून आपण उतरताना घासून उतरतो, तिथला फोम नऊ महिन्यात दबलाय आणि पायपिंगचा रेक्झिन दोन ठिकाणी पांढरा पडलाय. माझ्या मते तिथे आणखी कडक फोम घालायला हवा होता. पॉलिस्टर कापडावर धूळ जास्त बसते, रेक्झिन फडक्याने पुसलं की झालं, याला आठवड्याला ब्रश लागतो. आणि मागच्या सीटचा मधला भाग काथ्यामुळे कडक आहे, तीन जणं बसली तर मधला कुरकुरतो.

नवीन गाडीवाले पण विचारतात म्हणून एक सांगून ठेवते. आमच्या ८०० ला एअरबॅगच नाहीत, त्यामुळे हे सगळं निर्धास्त करता आलं. ज्यांच्या गाडीत सीटच्या बाजूलाच एअरबॅग आहे, सीटच्या कडेला तसं लेबल असतं, त्यांनी वरून कव्हर चढवू नये आणि ती शिलाई कोणालाही उसवू देऊ नये, ती एअरबॅग बाहेर यायला मुद्दाम तशी शिवलेली असते.

मेस्त्रींशी फोनवर बोलले, म्हणाले शिमगो झालो की गाडी घेऊन ये. उजव्या कडेला कडक फोमची पट्टी आणि त्यावर जाड रेक्झिनचा पट्टा टाकून देणार आहेत, अर्ध्या दिवसाचं काम. त्याच वेळी बाबांसाठी डाव्या सीटला कमरेच्या मागे थोडा उंचवटा करून घेणार आहे, त्यांना घेऊन जाणार आणि नुसत्या फोमवर आधी बसवून बघणार.