स्कूटरवरचं बदक आणि इतर मंडळी: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

२०२४ च्या दसऱ्याला, म्हणजे १२ ऑक्टोबरला, १२५ सीसीची स्कूटर घेतली. पुण्यात वारजे ते येरवडा जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर, शिवाय मंडई, लेकीचे क्लास, सासूबाईंचा दवाखाना. २०२५ ची अनंत चतुर्दशी झाली तेव्हा मीटरवर ८,२०० चा आकडा होता. गाडीबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, मायलेजचे तज्ज्ञ तर घरोघरी. मी लिहितेय ते गाडीवर चढवलेल्या वस्तूंबद्दल. पहिल्या दोन-तीन महिन्यांत त्यांच्यावर साडेचार हजारांच्या आसपास उडवले. ज्या विचार करकरून घेतल्या त्यातल्या बऱ्याच आज माळ्यावर आहेत. ज्यांच्यावरून नवरा अजून टोमणे मारतो, त्या रोज कामाला येतात.

बदकापासूनच सुरू करते, कारण सगळे आधी त्याच्याबद्दलच विचारतात.

नाना पेठेत सीट कव्हर घ्यायला गेलो होतो. दुकानदार बिल करेपर्यंत लेकीने काउंटरवरचं पिवळं रबरी बदक उचललं. डोक्यावर लाल हेल्मेट, हनुवटीखाली पट्टा, हेल्मेटवर प्लास्टिकचा छोटा पंखा. १२० सांगितले, शंभरला दिलं. मी "नको गं, चाळीशीला आले मी" म्हणेपर्यंत ते पिशवीत गेलेलं होतं. सोबतच्या चिकटपट्टीने आठवडाभरातच दगा दिला, म्हणून डाव्या आरशाच्या दांडीला केबल टायने आवळून बसवलं. पहिले काही दिवस सिग्नलला मान वळवून उभी राहायचे. बाजूच्या रिक्षातली पोरं खिदळायची. एका काकांनी खास काच खाली करून सांगितलं, "पुण्यात हेल्मेट घालणारं कुणीतरी दिसलं, बरं वाटलं." मी स्वतः हेल्मेट घालून बसले होते, ते त्यांना दिसलं नाही.

आता उपयोग. आमच्या ऑफिसच्या तळघरात तीनशेच्या वर दुचाकी लागतात आणि त्यातल्या निम्म्या राखाडी. नंबर पाठ असून फायदा नाही, कारण नंबर वाचायला प्रत्येक गाडीच्या मागे जाऊन वाकावं लागतं. त्यात पार्किंगवाले मामा दिवसभर गाड्या सरकवत असतात. सकाळी खांबाशी लावलेली गाडी संध्याकाळी कुठल्या रांगेत सापडेल याचा नेम नाही. बदक आल्यापासून मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून नुसती नजर फिरवते. तुळशीबागेच्या आसपास लावलेली गाडीही अशीच सापडते, आणि दिवाळीच्या आधी ज्यांनी तिथे गाडी शोधली आहे त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

फेब्रुवारीत तर त्याने कमालच केली. डबा काढताना चावी डिकीच्या कुलपालाच राहिली आणि मी वर निघून गेले. अर्ध्या तासाने मामांनी रिसेप्शनला फोन केला, "ते बदकवाल्या ताईंना सांगा, चावी गाडीला आहे." नंबरावरून त्यांना माझा मजला कळला नसता. तेव्हापासून मी त्या इमारतीत बदकवाल्या ताईच आहे. सर्व्हिसिंगला गाडी दिली की तिथला पोरगाही पावती न बघता "बदकवाली ना?" म्हणून गाडी बाहेर आणतो.

पंखा मात्र लेकीचा. वाऱ्यात तो ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपास फिरायला लागतो आणि चाळिशीच्या वर गेलं की फर्रर्र आवाज करतो. मागे बसून तिला माझा मीटर दिसत नाही, पण आवाज आला की पाठीत बोट टोचते, "आई, फर्र झालं." स्पीडब्रेकरपेक्षा मी तिच्या बोटाला जास्त घाबरते.

तक्रारी आहेतच. पट्ट्याचं इलॅस्टिक मेच्या उन्हात सैल पडलं, तिथे भाजीच्या जुडीचं रबरबँड लावलंय. पावसाळ्यात पंखा कुरकुरायचा, खोबरेल तेलाच्या थेंबाने गप्प झाला. डोळ्यांचा रंग उडालाय, त्यामुळे चेहरा थोडा आजारी दिसतो. आणि बसवताना काळजी घ्या. मी आधी उंच बसवलं होतं, तर डावीकडचा अर्धा आरसा बदकानेच व्यापला होता. दांडीच्या अगदी बुडाशी बसवा, आरशाच्या वर नको.

दुसरी हास्यास्पद वस्तू म्हणजे हँडलचे मफ. आतून लोकरीचे, बाहेरून रेक्झिनचे जाडजूड पिशवे, दोन्ही मुठींवर चढवायचे आणि त्यात हात घालून गाडी चालवायची. नवरा म्हणाला, "कुकर उतरवायला निघालीस का?" डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि सकाळी सातला मुळा-मुठेच्या पुलावरून जाताना नदीवरचं धुकं थेट बोटांच्या पेरांत शिरतं. हातमोजे होते, पण गार लिव्हर धरून ते वीस मिनिटांत निकामी व्हायचे. मफमध्ये येरवड्यापर्यंत बोटं शाबूत राहिली. एक गोष्ट गंभीरपणे सांगते: हात बाहेर काढून परत आत घालताना ब्रेक सापडायला क्षणभर उशीर होतो. एकदा रिक्षा अचानक थांबली तेव्हा मी आत चाचपडत होते. तेव्हापासून नियम एकच, गाडी चालू असताना हात आतून काढायचा नाही. इंडिकेटरची बटणं आतूनच सापडतात का ते घरासमोर उभ्या गाडीवर आधी सराव करून बघा. फेब्रुवारी संपला की काढून धुवून ठेवायचे. मी आळसाने मार्चभर तसेच ठेवले, तर एका मफात कोळ्याने संसार मांडला होता.

खिशात मावणारं सीट कव्हर ही तिसरी. बुडाला इलॅस्टिक असलेली पातळ शॉवर कॅप समजा, फक्त सीटच्या मापाची. घडी केली की मुठीएवढी होते. २०१८ च्या प्लास्टिकबंदीआधी प्रत्येकाच्या डिकीत दोन-चार कॅरीबॅग असायच्या, एक फाडून सीटवर टाकली की झालं. आता ती सोय गेली आणि जून ते सप्टेंबर ओल्या सीटचा प्रश्न आला. स्पंजात पाणी मुरलं की वरून कितीही पुसा, बसल्यावर दहा मिनिटांनी ते वर येतंच. ऑफिसात पाठमोरं चालायची वेळ ज्यांच्यावर आली आहे त्यांनी हे ऐंशी रुपये घालवावेत. वाऱ्याने उडतं म्हणून एक चिमटा लावते, कपडे वाळत घालायचा.

याउलट ज्या सीट कव्हरसाठी नाना पेठेत गेलो होतो, ते जाळीचं जाड कव्हर, उन्हाळ्यात उत्तम. एप्रिलच्या दुपारी बाहेर उभ्या गाडीवर बसताना चटका बसत नाही. पावसात त्याच जाळीत एवढं पाणी राहतं की मुंगी पोहेल. म्हणजे ते आठ महिन्यांचं, आणि शॉवर कॅप चार महिन्यांची.

साइड स्टँडचं झाकण. हे मी विकत घेतलंच नव्हतं. मे महिन्यात नातेवाइकांच्या लग्नाला गेले, मैदानात गाडी लावली. परत आले तर स्टँड मुरुमात रुतून गाडी शेजारच्या बुलेटच्या खांद्यावर डोकं टेकून उभी. तिथल्या आचाऱ्याने लोणच्याच्या बरणीचं झाकण आणून स्टँडखाली सारलं आणि म्हणाला, "ठेवा हे, कामाला येईल." ते पत्र्याचं झाकण आजही डिकीत आहे. तापलेल्या डांबरावर, चिखलात, शेताच्या बांधावर, कुठेही चालतं. बाजारात स्टँडच्या बुडाला कायमची बसवायची ॲल्युमिनियमची रुंद चकती मिळते, तीही पुढे ३५० रुपयांना घेऊन लावली. चकती चांगली आहे. पण ती खडबडीत रस्त्यावर खालून घासते, झाकण घासत नाही.

मोबाइल होल्डरवर सर्वांत जास्त अभ्यास केला होता. दोन आठवडे तुलना, ७५० रुपये, धातूचा, चारी कोपरे पकडणारा. चार महिन्यांत फोनचा कॅमेरा गुरगुरायला लागला, फोटो हललेले. दुरुस्तीवाल्याने पहिला प्रश्न विचारला, "गाडीवर लावता का?" कॅमेऱ्यातली भिंगं हातातली थरथर भरून काढायला बारीक यंत्रणेवर तरंगत असतात, आणि सततच्या कंपनाने तीच बिघडते. ॲपलने २०२१ मध्ये आपल्या फोनबद्दल तशी सूचनाच काढली होती: मोठ्या मोटरसायकलवर फोन थेट लावू नका, स्कूटर-मोपेडवर लावलात तरी कंपन शोषणारा माउंट वापरा. माझा फोन वेगळ्या कंपनीचा, पण खड्डे तेच. होल्डर आता ओट्यावरच्या मांडणीला लावलाय. रेसिपी बघत कणीक मळायला त्याच्यासारखी वस्तू नाही. रस्ता हवा असेल तर गाडी कडेला घेऊन बघते किंवा कुणाला तरी विचारते, आणि मग ते गृहस्थ रस्त्याबरोबर मी मुळात चुकीच्या बाजूने कशी आले तेही समजावून सांगतात.

चाकात हवा भरायच्या व्हॉल्व्हवर लावलेली दिव्यांची टोपणं तीन दिवसांत चोरीला गेली, बरं झालं. त्यानंतरची लाल ॲल्युमिनियमची टोपणं कुणी चोरली नाहीत, दुर्दैवाने. पितळी व्हॉल्व्हवर ॲल्युमिनियम, त्यात पावसाचं पाणी. दोन वेगळे धातू आणि ओलावा एकत्र आले की गंज धरून ती जाम होतात. जुलैअखेरीस मागच्या चाकात हवा भरायला गेले तर टोपण हलेना. पक्कड लावली तर व्हॉल्व्हच पिळवटला आणि तो बदलावा लागला. काळी प्लास्टिकची साधी टोपणं लावा, दहा रुपयांत मूठभर येतात.

हवेवरून आठवलं. बाबांच्या १९८९ च्या चेतकला स्टेपनी असायची आणि तिच्यावर आईने शिवलेलं कापडी कव्हर, त्यावर कशिदा. आता ट्यूबलेस टायर आले, स्टेपनी गेली. म्हणून बॅटरीवर चालणारा हातात मावणारा हवेचा पंप घेतला. सगळ्यांत महाग वस्तू हीच, १,८००. गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे एकटीसाठी हवेचा दाब पुढे २२, मागे २९ पीएसआय. आधी मी पेट्रोल पंपावरच्या पोराच्या अंदाजावर चालायचे, आता दर रविवारी स्वतः बघते. ऑगस्टमध्ये पौड रस्त्यावर मागच्या चाकात खिळा घुसला. तो उपटायचा मोह आवरला, हवा भरली, पंक्चरवाल्यापर्यंत सावकाश गेले. खिळा आत असतो तोवर भोक त्यानेच बऱ्यापैकी बुजलेलं असतं.

पण मी ज्याला अनपेक्षित म्हणते ते वेगळंच. सोसायटीतल्या सगळ्या सायकली, दोन फुटबॉल, वरच्या मजल्यावरच्या आजोबांची हवेची गादी, सगळ्यांची हवा आता आमच्याकडे. सुट्टीच्या सकाळी बेल वाजली की नवरा न बघताच सांगतो, "पंप चार्जिंगला आहे."

बाकीचं पटकन. क्रॅश गार्ड शोरूममध्येच गळ्यात मारला, दिसतो मजबूत, पार्किंगमध्ये शेजारच्यांच्या गाड्यांत अडकतो. घडीचा जादा हुक चांगला, पण हुकावर किती किलो टांगायचं ते पुस्तिकेत दिलेलं असतं आणि आपली मंडईची पिशवी त्या आकड्याला कधीच जुमानत नाही. शिवाय भरलेली पिशवी वळणावर गुडघ्याला आपटते आणि कोथिंबीर सगळी खाली. लवचिक जाळी हुकापेक्षा बरी. मागचं चाक झाकणारा साडी गार्ड दिसायला वाईट म्हणून काढून टाकणारे भेटतात. मागचं चाक निम्म्याहून कमी झाकलेलं चालत नाही हा १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम आहे, आणि माझी ओढणी त्याच्यामुळे दोनदा वाचली आहे. लिंबू-मिरची सासूबाईंच्या खात्यात. शनिवारी बदलतात, त्याबद्दल मी मत देत नाही.

रबरी पायमॅटचं मात्र सांगते. कडा उंच असलेलं, खाचांचं मॅट, सिलिंडर आणि कुंड्या न घसरता आणण्यासाठी घेतलं. २०२५ मध्ये २७ ऑगस्टला गणपती होते. आदल्या संध्याकाळी मूर्ती आणायला कसब्यात निघाले तेव्हा माझा हिशेब तयार होता: फूटभराची शाडूची मूर्ती, पाट मॅटवर, वर जाळी, हलायची शक्यताच नाही. सासूबाई दारातच म्हणाल्या, "देवाला पायाशी बसवून आणणार?" संपलं. लेक मागे बसली, मांडीवर पाट, रुमालाने झाकलेली मूर्ती दोन्ही हातांनी धरलेली. मॅटवर फक्त नारळ, दूर्वा आणि केवड्याची पिशवी.

कसब्यातून वारज्यापर्यंत ढोल, गर्दी, खड्डे, आणि मी रिक्षांच्याही मागे. घरी पोहोचून तिने मूर्ती आजीच्या हातात दिली, मग वळून आरशाच्या दांडीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई, आज पंखा एकदाही फिरला नाही."