पोकलेन शिकवायचा सिम्युलेटर : हेडसेट, हलती केबिन की साधी स्क्रीन?

गडहिंग्लजकडच्या भरती अकादमीचे एक सर परवा भेटले. त्यांची काही पोरं बॉम्बे सॅपर्स म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलात, किंवा सीमेवर रस्ते बांधणाऱ्या बीआरओत मशीन ऑपरेटर व्हायची स्वप्नं बघतायत. पहाटे धावतात जिवापाड, पण लिव्हरला हात लावायला मिळत नाही. "सिम्युलेटर घ्यायचा म्हणतोय, कुठला घेऊ?"

सैन्यात हे आता नवलाचं नाही. सप्टेंबर 2021 मध्ये संरक्षण मंत्रालयानं तिन्ही दलांत सिम्युलेटरचा वापर वाढवायचा आराखडाच काढला. मी स्वतः खडकीला खऱ्या डोझरवर शिकलो, आता पोरांना शिकवतो. तिन्ही प्रकारांवर बसलोय.

डोळ्यांवर चढवायचा हेडसेट दिसायला भारी. मान वळवली की मागची दरी दिसते. पण स्वतःचे हात दिसत नाहीत. डोळ्यांना हालचाल दिसते, अंगाला जाणवत नाही, त्यामुळं काही पोरांना मळमळतं.

सहा पायांवर हलणारी केबिन सगळ्यात खरी. उतारावर मशीन कलायला लागलं की कमरेला कळतं. रणगाडा चालकाला ती हवीच. अकादमीला तिची किंमत आणि देखभाल झेपायची नाही.

माझं मत स्क्रीन आणि खऱ्या मापाच्या लिव्हर-पेडलला. फक्त लिव्हरची पद्धत बदलता येते का, ते आधी बघा. पद्धती दोन, आयएसओ आणि एसएई. आयएसओत उजव्या हाताला बूम (केबिनजवळचा मोठा हात) आणि बकेट, डाव्या हाताला आर्म (बूमच्या टोकाचा, बकेट धरणारा हात) आणि फिरणं. एसएईत बूम आणि आर्मची अदलाबदल. हाताला एक सवय लागली आणि टेस्टला दुसरी पद्धत आली, तर बूम उचलायला जाल आणि आर्म जवळ ओढला जाईल.

दुसरं, रेकॉर्डिंग हवंच. माझ्याकडचा एक पोरगा भरलेली बकेट डंपरच्या केबिनवरून न्यायचा. सांगून ऐकेना. त्याला त्याचंच काम वरून तीनदा दाखवलं, तिसऱ्यांदा तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी न सांगता बकेट हौद्याच्या मागच्या बाजूनं आली. खऱ्या मशीनवर ही चूक ड्रायव्हरच्या जिवावर बेतते.

जांभ्या दगडात बकेटचे दात अडकल्यावर इंजिनचा आवाज कसा दबतो, ते मात्र स्क्रीन शिकवत नाही. त्यासाठी पैसे राखून ठेवा आणि जाणत्या ऑपरेटरसकट तासावर पोकलेन बोलवा.

आणि सर, विकणाऱ्याचा डेमो बघून पैसे देऊ नका. तुमचा सगळ्यात सावकाश शिकणारा पोरगा सोबत न्या आणि तासभर त्यालाच बसवा.